तक्रार असल्यास उठून बसा

ईस्ट फोर्थ स्ट्रीट, न्यूयॉर्क
सोमवार, ४ ऑक्टोबर १९९३

लायनेल,

आज नाटकघर बंद, म्हणून हिशेबाला बसलो. पैशांचा नव्हे. आपल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक हसू आहे, सगळ्या खुर्च्यांतून एकदम उठणारं आणि जेमतेम चार सेकंद टिकणारं. त्या हशाची किंमत काय पडली ते मांडून पाहिलं. एक बायको, मेलेली. एक लिपस्टिक, लाल, निम्मी संपलेली. तुझा एक रुमाल, निळ्या काठाचा, जो मी परत केला नाही. आणि सव्वीस वर्षांचे गुरुवार, ज्या गुरुवारी तू माझ्या टेबलाशी बसून बीटाचं बोर्श्ट ओरपलंस आणि दर वेळी म्हणालास, "जरा मीठ कमी पडलंय."

इतकं महागाचं हसू ह्या शहरात दुसऱ्या कुठल्या नाटकघरात नसेल. अभिनंदन.

तू बहिणीकडे अल्टूनाला जाऊन बसलायस असं रॉझनं सांगितलं. प्रयोगाचा गाडा हाकणारी बाई म्हटल्यावर तिच्याकडे सगळ्यांचे पत्ते असायचेच, पळालेल्यांचेसुद्धा. पहिल्या प्रयोगानंतर तिकीटखिडकीशी मी तुला जे बोललो ते ओरडून बोललो. ओरडताना शब्द निवडता येत नाहीत. आता निवडून लिहितो.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठव. त्या अंत्यविधीवाल्यानं स्तेफाच्या ओठांना गुलाबी रंग लावून ठेवला होता, पोरांच्या वाढदिवसाच्या केकवर असतो तसा. लग्नाच्या तीस वर्षांत जिनं लाल सोडून दुसरा रंग ओठांना लावला नाही, तिला गुलाबी! मी त्याला म्हटलं, "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा." तिची लिपस्टिक माझ्या कोटाच्या खिशात होती. का होती ते विचारू नकोस. खोलीत तिघं उरलो: ती, मी, आणि दाराशी तू. मी गुलाबी पुसलं, लाल लावायला गेलो आणि हात घसरला. रंग गालावर गेला. तेव्हा मी म्हणालो, तिला म्हणालो, तुला नव्हे: "तीस वर्षं तू आरशासमोर बसलीस, आणि तुझे ओठ कुठे संपतात ते मी कधी बघितलंच नाही गं."

तू पुढे आलास आणि काही न बोलता रुमाल दिलास. आपण पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. अखेर जमलं एकदाचं. बाहेर पडताना मी म्हटलं, "लायनेल, हे इथेच राहू दे." तू मान हलवलीस.

मान हलवल्याचा आवाज होत नाही. तरी मी विसंबलो.

मग तू नाटक लिहिलंस. स्टॅटन आयलंडवरचं अंत्यविधीचं दुकान, भिंतीवर पाटी, 'तक्रार असल्यास उठून बसा', आणि मढी खरोखरच शवपेटीत उठून बसतात आणि गाऊन तक्रारी करतात. टाय आवळलाय. कवळी भलत्याचीच बसवलीय. भाषण ठोकणाऱ्या भाच्याला मी ओळखतसुद्धा नाही. तू मला ही कल्पना सांगितलीस तेव्हा मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. वर्षभरात तसा हसलो नव्हतो. त्यात एक विधुर आहे आणि तो अंत्यविधीवाल्याला बाहेर काढून बायकोचे ओठ रंगवतो, हे मात्र तू सांगितलं नाहीस. ते मला डेक्स्टर बोमनच्या तोंडून कळलं. पहिलाच प्रयोग, भरलेलं नाटकघर, आणि त्यानं विधुराच्या आवाजात माझं वाक्य म्हटलं, नखाएवढाही फेरफार न करता. आणि माझ्याच नाटकघरात, माझ्याच खुर्च्यांवर बसलेले लोक खो खो हसले.

तू तिकीटखिडकीशी म्हणालास, "ओरेस्ट, ते तुला हसत नाहीत."

मी विचारलं, "मग कोणाला हसतात? पोपला?"

तू तोंड उघडलंस, आणि मी दाराकडे बोट दाखवलं. ते बोट अजून तसंच आहे.

ओरेस्ट

ता.क. तुझी छत्री इथे राहिलीय. ती मी कोणाला देणार नाही. वापरणार मात्र आहे.


सोमवार, ११ ऑक्टोबर

लायनेल,

तुझं उत्तर नाही. ठीक. हे पत्र धंद्याचं आहे. तू लेखक आहेस, संगीतही तुझं, तेव्हा लोक काय म्हणतात हे तुला कळवणं माझं काम.

लोक वेडे झालेत. मध्यंतरात बायकांच्या संडासाची रांग तिकीटखिडकीवरून जाते, म्हणून त्या वेळी मी खिडकीत तिकिटांचे तुकडे जुळवत बसतो. समीक्षक दोन दिवसांनी लिहितात ते ही रांग आधीच बोलून मोकळी होते. शनिवारी ऐकलेलं देतो.

"भुताचं आहे म्हटल्यावर मी आधीच नवऱ्याचा हात गच्च धरून बसले होते."

"मग?"

"मग दिवे लागले. तो नवऱ्याचा नव्हताच."

लाँग आयलंडचा एक गृहस्थ पैसे परत मागायला आला. म्हणे, कवळीवालं मढं हुबेहूब माझ्या सासूसारखं आहे. मी टोपी काढली. म्हटलं, "वाईट वाटलं. कधी गेल्या?" तो म्हणाला, "गेली असती तर तक्रार कशाला केली असती? शेजारच्या खुर्चीवर बसलीय." पैसे दिले नाहीत. सासूला एक सरबत फुकट दिलं.

आणि शुक्रवारी ब्रुकलिनचे खरेखुरे अंत्यविधीवाले आले, आठ जण, काळ्या सुटांत, एका रांगेत. पहिला अंकभर त्यांच्यातून एक आवाज नाही. मध्यंतरात त्यातला थोरला माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पेट्यांच्या कड्या उलट्या बसवल्यात." मी म्हटलं, "बाकी?" तो म्हणाला, "बाकी आमच्याच दुकानात बसल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या अंकात सगळ्यांत मोठ्यानं तेच आठ जण हसले. कुठे, ते तुला माहीत आहे.

तुझ्या त्या नटाचं, ऑगीचं, एक मला कोडं आहे. ऑगी दुसरा अंकभर विधुराच्या बायकोशेजारच्या पेटीत पडून असतो. त्याला एक ओळ नाही, एक सूर नाही. तरी शेवटी सगळे प्रेक्षकांपुढे वाकायला येतात तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याला. पडून राहायच्या टाळ्या! मी त्याला म्हटलं, "लेका, माझ्या काकांनी हेच काम एकोणीस वर्षं सोफ्यावर केलं, कोणी टाळी वाजवली नाही." तो नुसता हसतो. प्रेक्षक कधी कधी मूर्ख असतात, ते मान्य करून पुढे जायचं.

तू मला नेहमी चिडवायचास, सगळं नाटकघर पुढे बघतं आणि मालक पाठ करून दाराकडे बघत उभा. आता रागात आहे तर एकदा सांगूनच टाकतो. मी अकरा वर्षांचा बोटीतून उतरलो आणि मिसरूड फुटायच्या आत सेकंड ॲव्हेन्यूवरच्या एका नाटकघरात कोट सांभाळायला लागलो. कोटघराला खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे नाटक, अलीकडे मी आणि तीनशे ओले कोट. खोकला वाढला की समजायचं, अंक लांबलाय. खुर्च्या करकरल्या की समजायचं, नाटक आठवडाभर टिकणार नाही. हुंदके सुरू झाले की कोट खाली काढायला घ्यायचे, कारण रडलेल्या माणसाला घरी जायची घाई असते आणि तो बक्षिशी बरी देतो. त्या कानांच्या जोरावर मी हे लोणच्यांचं गोदाम घेतलं आणि नाटकघर केलं. पाऊस लागला की अजून शेपूचा वास येतो, पण खुर्च्या माझ्या आहेत.

म्हणून संहिता मी वाचत नाही, तालमीला फिरकत नाही, प्रयोगात रंगमंचाकडे तोंड करत नाही. डोळे लाच खातात, लायनेल. चांगला झगा दिसला, चांगले पाय दिसले की डोळे फितूर. कान खात नाहीत. कुठलं हसू कशाला आलं हे सांगताना माझे कान तीस वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. एकदाही.

तेव्हा ते कोणाला हसतात, हे मला शिकवू नकोस.

ओरेस्ट


सोमवार, २५ ऑक्टोबर

लायनेल,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला अल्टूनाच्या रेल्वेचं वळण, दुसऱ्या बाजूला तुझं अक्षर: 'ओरेस्ट, तू आपलं नाटक पाहिलेलंच नाहीस. आधी बघ, मग शिव्या घाल.'

मी पाहिलं नाही! पहिल्या दिवसापासून एकही प्रयोग न चुकवता शेवटच्या रांगेमागे, खांबाला टेकून उभा आहे तो कोण? माझं भूत? मग त्यालाही एक गाणं लिही.

मला असं वाटलं होतं की तू माफी मागशील. मी ती स्वीकारणार नव्हतो, पण मागितली असतीस तर बरं झालं असतं. गुरुवारी पातेलं नेहमीएवढंच होतं. सवय. उरलेलं रॉझला दिलं. तिलाही मीठ कमी वाटलं, तुझी संगत.

आता मुद्दा. ते वाक्य मला काढायचंय. मी नाटकघराचा मालक, मीच निर्माता, छत गळलं तर बादली धरणाराही मीच. पण तुम्हा लेखकांच्या करारात लिहिलंय की लेखकाच्या लेखी संमतीशिवाय त्याचा एक शब्दही हलवायचा नाही. शेकडो नाटकांत मला हा नियम शहाणपणाचा वाटला. ह्या नाटकात माझं वाक्य माझ्याच छपराखाली तुझं झालंय, आणि मी त्याला हात लावला तर चोर मी!

गुरुवारी मी रॉझला म्हटलं, "डेक्स्टरला सांग, तेवढं एक वाक्य गिळून टाक."

"काका, गिळलं की मला अहवालात लिहावं लागतं."

"मग त्याला त्या जागी खोकायला सांग."

"तुमच्या नाटकघरात? तुम्हीच त्याला कोट हातात देऊन बाहेर काढाल."

"रॉझ, मस्करी नको."

"मग तुम्ही कारण सांगा. एवढं भूत-मढ्यांचं नाटक, रक्ताची बादली आहे, तोडलेला हात नाचतो, आणि तुम्हाला खुपतं ते काय, तर नवरा बायकोला लिपस्टिक लावताना बोलतो ते? सगळ्यांत गोड जागा आहे ती, काका."

मी कारण सांगितलं नाही. ह्या नाटकघरात कोणालाच माहीत नाही ते वाक्य कुठून आलं. मी सांगणारही नाही. म्हणजे मजा बघ, तू माझं गुपित दर संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात विकतोस, आणि तू ते चोरलंस हे गुपित मी सांभाळतोय.

कधी कधी वाटतं, स्तेफा असती तर हे पहिल्याच प्रयोगाला संपलं असतं. ती शेवटच्या रांगेत विणकाम घेऊन बसायची, माझी पाठ तिच्या पाठीला. मी ऐकायचो, ती बघायची. घरी चालत जाताना तिची टकळी सुरू: नायिकेला हिरवं शोभत नाही, त्या पोराच्या पँटची चेन उघडी होती म्हणून लोक हसले, दुसऱ्या दारातून मांजर आलं होतं. बायकांचं आपलं बघणं. मी हूं हूं करायचो. पण असल्या वाक्याला तिनं सुई रोखून तुझ्याकडे असं बघितलं असतं, की तू ते तिथल्या तिथे खोडलं असतंस.

तर ऐक. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत तुझी लेखी संमती आली नाही, तर त्या रविवारचा प्रयोग शेवटचा. तेवढा हक्क करारानं मला ठेवलाय. रॉझ म्हणाली, "तिकिटं जानेवारीपर्यंत गेलीत. डेक्स्टरच्या घरी डिसेंबरात पाळणा हलणार. एका वाक्यासाठी आम्हा सगळ्यांना रस्त्यावर आणणार?"

मी म्हटलं, "मी नाही. अल्टूनात बसलाय तो."

ओरेस्ट


गुरुवार, ११ नोव्हेंबर

लायनेल,

काल दुपारच्या प्रयोगाला ओल्हा आली होती. स्तेफाची बहीण, पसेइकहून, बस पकडून, डोक्याला रुमाल, पिशवीत खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी माझ्यासाठी. मी तिला बोलावलं नव्हतं. तिच्या चर्चमधल्या बायका येऊन गेल्या होत्या आणि त्यांनी तिला सांगितलं, तुझ्या मेहुण्याच्या नाटकात मढी गातात, जा बघून ये.

संपल्यावर ती बाहेरच्या खोलीत कोट न घालता उभी राहिली.

"ओरेस्ट, तो लाल रंग आमच्या स्तेफाचा."

"लाल तो लाल."

"मी तिची बहीण आहे. मला रंग शिकवू नकोस."

मी गुंडाळीचा कागद सोडत बसलो. ती म्हणाली, "आणि पेटीपाशी ते जे बोलला ना तो, ते तुझं बोलणं आहे. तुझी जीभ अशीच वळते. तू बोलला होतास का तसं?"

तुला सांगतो लायनेल, त्या क्षणी मला तुझी मान धरावीशी वाटली. तीस वर्षं त्या बाईसमोर मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. पुरताना नाही, जेवणावळीत नाही. तिनं मला दगड म्हटलं, मी दगड राहिलो. तू दीडशे परक्या माणसांबरोबर तिलाही बसवून आतलं सगळं दाखवलंस.

मी विचारलं, "हसलीस?"

"हसले की. पोटात दुखेपर्यंत."

"कुठे?"

"तिथेच. ओठांपाशी. तो नवरा चुकतो ना, आणि मग तो शेजारचा—"

"पुरे," मी म्हटलं.

"काय पुरे? ऐकून तर घे."

"ओल्हा, तुझी बस चुकेल."

पसेइकची बस सारखी असते. हे तिला माहीत आहे, मलाही. तिनं कोट घातला. दारातून मागे वळून म्हणाली, "हसल्यावर मी रडले. ते विचारलं नाहीस." आणि गेली.

सख्खी बहीण हसली. आता सांग, ते कोणाला हसतात.

आणखी एक, मग हे पत्र बंद. परवा लोक गेल्यावर पायरीवरच्या दिव्याखाली एक म्हातारं जोडपं थांबलं होतं. मी दाराआड. ती म्हणत होती, "काय बघतोयस? लागलंय का काही?" तो म्हणाला, "नाही." "मग?" "बघतोय नुसता." "घरी बघ, थंडी वाजतेय." "घरी दिवा कमी आहे." असं बराच वेळ. नाटकातली नक्कल रस्त्यावर करायला लागलेत लोक. असं एखादं जोडपं रोज असतं. परवाच्या दोघांत तर ती हसत नव्हतीच, नाक पुसत होती. सर्दीचे दिवस.

आज गुरुवार आहे. पातेलं अर्धंच चढवलंय.

ओरेस्ट


सोमवार, २२ नोव्हेंबर

लायनेल,

संमती पोचली. 'वाक्य काढा. लायनेल प्रूइट.' तारीख, सही, सगळं नियमाप्रमाणे. रॉझनं फाइलला लावली आणि माझ्याकडे बघितलं नाही. डेक्स्टर म्हणाला, "काका, त्या वाक्यासाठी मी हे काम घेतलं होतं." मी म्हटलं, "पुढच्या नाटकात तुला दुसरं घेऊन देईन, मोठं." तो हसला नाही.

म्हणजे नाटक चालू राहणार. डेक्स्टरचं पोर चालू नाटकात जन्मणार. सगळं माझ्या मनासारखं.

मग मला राग का आला ते ऐक. मला वाटलं होतं तू भांडशील. चार पानं लिहिशील, वाक्य कसं आवश्यक आहे, त्याशिवाय अंक कसा कोसळतो, मी कसा अडाणी कोटवाला आहे. दोन शब्दांत देऊन टाकलंस? माझ्या बायकोच्या पेटीवरून जे उचललंस ते इतकं हलकं होतं, की मागितल्यावर लगेच परत? मग उचललंस कशाला?

चोरी मी एक वेळ समजू शकतो. तुम्हा लोकांचा तो धंदाच आहे. शेजाऱ्याचं दुःख दिसलं की वही काढायची. पण तू माझा शेजारी नव्हतास. ती गेली तेव्हा मी दुसऱ्या कोणाला त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. भावाला नाही, पाद्र्याला नाही, ओल्हाला नाही. तुला येऊ दिलं.

उद्यापासून वाक्य नाही. डेक्स्टर ती जागा गप्प राहून काढेल, मग गाणं सुरू. हसू जाईल आणि मला खांबाला टेकून शांत उभं राहता येईल. मेल्यांचं नाटक आहे, एका हशानं मरणार नाही.

ओरेस्ट


बुधवार, २४ नोव्हेंबर

लायनेल,

आज सकाळी मी रॉझला सांगितलं, वाक्य परत घाल. तिनं चष्मा कपाळावर चढवला.

"काका, कालच काढलंय."

"म्हणून तर सांगतोय."

"परत घालायचं तर लायनेलची लेखी संमती लागेल."

"त्याचंच वाक्य आहे!"

"नियम नियम आहे. तुम्हीच शिकवलात."

तर हे पत्र त्या संमतीसाठी आहे असं समज; रॉझ ते आजच फॅक्सनं धाडतेय. एका ओळीत दे, तुला सवय आहे. आणि उद्या गुरुवार आहे, थँक्सगिव्हिंगचा. शहरात सगळीकडे टर्की असेल, माझ्याकडे नाही. अल्टूनाहून सकाळची गाडी दुपारपर्यंत पोचते. पातेलं पूर्ण चढवणार आहे, मीठ तुझं तू घाल. तू येशील ते मी माफ केलं म्हणून नव्हे. मी माफ केलेलं नाही. ती खोली तू मला न विचारता उघडलीस, आणि ते तू आणखी चांगलं नाटक लिहिलंस तरी मिटायचं नाही. समोरासमोर भांडता यावं म्हणून ये. पत्रात तुझा आवाज येत नाही.

काल काय झालं ते लिहितो, कारण तू विचारशील.

नाटकघर भरलेलं होतं. मी नेहमीच्या जागी, पाठ रंगमंचाकडे, समोर दार. पहिला अंक छान गेला. दुसऱ्यात डेक्स्टरनं अंत्यविधीवाल्याला बाहेर काढलं, लिपस्टिकचं टोपण उघडल्याचा टक् आवाज आला. त्या जागी वाक्य यायचं, ते आलं नाही. मी खांबाला हात टेकला. शांतता. मनात म्हटलं, स्तेफा, झालं बघ, परत आणलं तुझं तुला.

आणि हसू आलं. त्याच जागी. तेवढंच. चार सेकंद.

मला आधी वाटलं डेक्स्टरनं वाक्य पुटपुटलं असेल. पण पुटपुटणं मला ऐकू येतं. तिसऱ्या रांगेत गोळीचा कागद सोडला तरी ऐकू येतं. त्यानं काही म्हटलं नव्हतं. कोणीच काही म्हटलं नव्हतं. फरक झाला तो नंतर. हसू विरलं आणि त्यामागून रोज जी एक गोष्ट यायची, नाकं ओढल्याची, पर्स उघडल्याची, ती आली नाही. गाणं कोरडं गेलं. सुटल्यावर लोक भराभर टॅक्सीत बसले. पायरीवरच्या दिव्याखाली कोणी थांबलं नाही.

ते चार सेकंद चालू असतानाच मी वळलो होतो.

डेक्स्टर बायकोच्या पेटीवर वाकला होता. तिच्या गालावर लाल फराटा, हातात लिपस्टिक, चेहरा रडवेला. शेजारच्या पेटीत ऑगी उठून बसला होता, मढ्याच्या पांढऱ्या चेहऱ्यानं, तुझ्यासारखा भांग पाडून. तो डेक्स्टरकडे बघत होता आणि त्यानं रुमाल पुढे केला होता. लोक ऑगीला हसत होते. पहिल्या दिवसापासून त्यालाच हसत आलेत, असं रॉझ म्हणते. रुमाल निळ्या काठाचा आहे. डेक्स्टर तो घेतो, पुसतो, आणि ऑगी परत आडवा होतो. ह्यात कुठेही आवाज होत नाही.

ओरेस्ट